करवतीच्या आवाजात शिकलेलं भाषण

"पातं थांबलं, हात दाखवा."

हे मिस्त्रीचं बोलणं. लाकडाच्या वखारीत तो मोठ्या करवतीवर उभा असायचा, आणि करवतीचं पातं कधीही, कशानंही थांबलं की त्याच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघायचं. वीज गेली, पट्टा तुटला, ओंडक्याच्या पोटात जुना खिळा निघाला, काहीही असो. वखारीतली माणसं हातातलं काम टाकायची आणि दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलायची, बोटं पसरून. मिस्त्री एकेकाच्या हातांवरून नजर फिरवायचा. सगळी बोटं जागच्या जागी दिसली की म्हणायचा, "हं. आता बघा काय झालंय ते."

त्याला काम शिकवणाऱ्या वस्तादाची दोन बोटं भुशात पडली, तेव्हा करवत अशीच गप्प झाली होती. मिस्त्री तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. रक्त त्याला पुढे फारसं आठवलं नाही. आठवली ती शांतता. इतर माणसांना आवाज झाला की दचकायला होतं. मिस्त्री आवाज थांबला की दचकायचा. करवत गात असेल तोवर सगळं ठीक, हा हिशेब त्याच्या हाडात बसला होता.

वखारीत तोंडाला तसं काम कमीच. उघडा तळवा वर केला की ओंडका उचला. मूठ आवळून वर धरली की थांबा, मग आभाळ कोसळत असलं तरी थांबा. कॉलरला दोन बोटं लावली की मालक येतोय. वखारीच्या मागच्या भिंतीला लागून मिस्त्रीचं दोन खोल्यांचं घर होतं, मालकानं राहायला दिलेलं, आणि मिस्त्रिणीच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट करवतीकडे उघडायची. तीही या खुणांत तरबेज झाली होती. या नवराबायकोची भांडणं शेजाऱ्यांना कधी ऐकू आली नाहीत. दिसली मात्र पुष्कळदा. मिस्त्रीण खिडकीतून पळीसकट हात नाचवायची आणि मिस्त्री ओंडका सरकवता सरकवता मूठ वर धरायचा. तिला ती मूठ बरोबर कळायची. ती थांबायची नाही, हा भाग वेगळा.

वखारीच्या पलीकडे पूर्वी मोकळी जागा होती. तिथे चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या दारांच्या चौकटी याच करवतीवर कापल्या गेल्या होत्या. चौकटी बसल्या, दारं लागली, माणसं राहायला आली, आणि मग त्या माणसांना करवत ऐकू आली.

पालिकेची नोटीस आली. आवाजाचा त्रास होतो, वखार नदीपलीकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत हलवावी, अशी रहिवाशांची मागणी. निर्णयाआधी सुनावणी होणार होती. दोन्ही बाजूंनी एकेक माणूस बोलणार.

मालक स्वतःच बोलला असता. पण मागे एकदा पाण्याच्या नळावरून तो पालिकेत बोलायला उभा राहिला होता, तेव्हा तिसऱ्याच वाक्याला त्याची गाडी अध्यक्षांच्या टकलावर घसरली होती. ते टक्कल अजून अध्यक्षांच्याच खुर्चीत होतं.

"मिस्त्री, तुम्हीच जा," मालक म्हणाला.

"मी? मला कुठे भाषण येतं?"

"आवाज तर आहे ना? करवत चालू असताना तुमचं ऐकू येतं. सभागृहात तर करवतही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वखारीत वाढलेल्या माणसांना बोलणं आणि आवाज यांत काही फरक असतो, हे माहीत असायचं कारणच पडलं नव्हतं.

मिस्त्रीनं होकार दिला, पण तो मालकासाठी नव्हे. नदीपलीकडे गेल्यावर मालक नवी, आपोआप चालणारी करवत घेणार होता. बटण दाबायला एक माणूस पुरे, आणि तो माणूस जाड चष्म्याचा मिस्त्री नसणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. आणि घर तर वखारीच्या भिंतीलाच चिकटलेलं. भिंत पडली की घर पडलं. म्हातारपण उंबऱ्याशी आलेलं असताना एका सुनावणीत काम आणि छप्पर दोन्ही जायचं होतं, नाहीतर दोन्ही राहायचं होतं.

त्यानं सराव सुरू केला तो करवतीपाशी. दुसरीकडे कुठे करणार? चारचौघांत बोलायची लाज वाटत होती, आणि अख्ख्या जगात मिस्त्रीला एकटं वाटेल अशी एकच जागा होती, पात्यासमोरची. ओंडका पुढे सरकायचा, फळी सुटायची, भुसा उडायचा आणि मिस्त्री घशाच्या शिरा ताणून बोलायचा. "सन्माननीय अध्यक्ष!" असं म्हणून एक फळी. "आमची वखार फार जुनी आहे!" म्हणून दुसरी. शब्द आणि लाकूड एका चालीत जात होते. कुणाला ऐकू येत नव्हतं आणि त्याला वाटत होतं की आपलं छान जमतंय.

मिस्त्रिणीनं खिडकीतून त्याचे ओठ हलताना पाहिले. एक दिवस, दोन दिवस. मग जेवताना तिनं ताट पुढे सरकवत विचारलं, "अहो, करवतीशी काय बोलणं चालतं तुमचं? माझ्या कागाळ्या सांगता का तिला?"

"भाषण पाठ करतोय."

"मग मला म्हणून दाखवा."

तो उभा राहिला. छाती भरून घेतली आणि "सन्माननीय अध्यक्ष!" असा ओरडला की फडताळातल्या पेल्यांनी एकमेकांना धक्के दिले आणि कौलावरचं मांजर शेजारच्यांच्या कौलावर गेलं. पुढचं वाक्य मात्र येईना. करवत बंद होती. शब्द करवतीच्या आवाजावर टांगलेले होते, तो आवाज काढून घेतल्यावर सगळे खाली पडले.

मिस्त्रिणीनं कानातून बोट काढलं. "अहो, मी समोर बसलेय. नदीपलीकडे नाही बसलेली."

वाचनालयाच्या दारावर लावलेला कागद तिनंच पाहिला होता. दर रविवारी सकाळी, सभेत बोलायला शिकवणार. तिनं धुतलेला सदरा काढून ठेवला. जाऊ की नको हा प्रश्न त्या सदऱ्यानंच निकालात काढला.

शिकवणाऱ्या बाई बसस्थानकावर निवेदन करायच्या. नोकरीची सगळी वर्षं एका काचेच्या खोलीत बसून त्यांनी माणसांना गाड्यांची वेळ सांगितली होती. शहरातल्या प्रत्येकानं त्यांचा आवाज ऐकला होता आणि तोंड कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाला उगाचच पिशव्या आवरून उभा राहायचा, असं त्या सांगायच्या. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

वर्गात माणसं थोडीच होती. एक विमा एजंट होता, त्याला बोलायला येत होतं पण थांबायला येत नव्हतं. एक नर्स होती, रात्रपाळी करून थेट यायची आणि डोळे उघडे ठेवून झोपायची. बाकी दोन-चार जण पहिल्या रविवारनंतर दिसेनासे झाले.

मिस्त्रीनं पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा शेजारच्या खोलीतून ग्रंथपाल धावत आला. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी पडलं नाही," बाई म्हणाल्या. "हे बोलतायत." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कुणाशी बोलत होता आत्ता?"

मिस्त्रीनं विचार केला. "कुणाशी नाही. नुसतं बोलत होतो."

"तेच तर. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. श्वास पोटात घ्या, गळ्यात नको. आणि एक वाक्य एका माणसाला सांगा. ते त्याच्यापर्यंत पोचलं असं दिसलं की मग पुढचं वाक्य दुसऱ्याला."

"आणि कुणाकडे बघायचं धाडसच झालं नाही तर?" एजंटानं विचारलं.

"तुम्हाला तो प्रश्न नाही. तुम्ही माणसाच्या खिशाकडे बघता," बाई म्हणाल्या. नर्स झोपेतच हसली.

बाईंची शिकवण स्थानकावरचीच होती. प्रवाशाला काय हवं असतं? आपली गाडी कुठली, लागणार कुठे, सुटणार कधी. ड्रायव्हरचं नाव नको, गाडीचा रंग नको. "तुमच्या भाषणात वखार किती जुनी, मालकाचे आजोबा किती थोर, हे सगळं गाडीच्या रंगासारखं आहे," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला कुठे न्यायचंय ते आधी ठरवा." मिस्त्रीनं मालकाचे आजोबा काढून टाकले. त्याला बरंच हलकं वाटलं. त्या आजोबांचं नाव त्याला नाहीतरी पाठ होत नव्हतं.

पाय जमले, श्वास जमला. नजरही हळूहळू जमली, कारण ओंडक्यावर नजर खिळवून ठेवायची सवय होतीच, फक्त ओंडक्याच्या जागी माणूस ठेवायचा. अडलं ते एकाच गोष्टीपाशी.

"महत्त्वाचं बोललात की थांबा," बाई म्हणाल्या. "गाडी लागली की दार उघडून चढायला वेळ द्यावा लागतो. तसा ऐकणाऱ्याला वेळ द्या."

मिस्त्रीला थांबता येईना. वाक्य संपलं की त्याच्या घशातून आपोआप बारीक सूर निघायचा, झूंऽऽ असा, पुढचं वाक्य येईपर्यंत. त्याला स्वतःला तो ऐकूच येत नव्हता.

"मिस्त्री, मशीन बंद करा," एजंट म्हणायचा.

त्यानं सूर दाबला, तर दुसरंच व्हायला लागलं. खोली शांत झाली की त्याचे डोळे माणसांच्या चेहऱ्यांवरून खाली घसरायचे, त्यांच्या हातांवर. बाईंचे हात, एजंटाचे हात, बाकावर पसरलेले नर्सचे हात. बाईंनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मिस्त्री आणि नर्सची जोडी लावली. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मिस्त्रीनं सुरुवात केली. दोनच वाक्यं झाली असतील, नर्सची झोप उडाली. ती ताठ बसली.

"काका, एक मिनिट. कुठली वखार? पाण्याच्या टाकीमागची?"

"हो."

"म्हणजे ते तुम्ही!"

"म्हणजे काय?"

"माझी खोली तुमच्या भिंतीला लागून आहे, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी आठला मी अंथरुणावर पडते आणि तुमचं ते सुरू होतं. इमारतीच्या वतीनं मीच बोलणार आहे सुनावणीत. त्यासाठीच तर येते इथे, झोप मोडून!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. एजंटानं खुर्ची जरा जवळ ओढली. असं काही फुकट बघायला मिळत असलं की तो सोडत नसे.

"बाई, आमची जोडी बदला," मिस्त्री म्हणाला.

"का म्हणून? उलट आता कुठे जोडी जमली," बाई म्हणाल्या. "आता एकमेकांची बाजू मांडा. सिस्टर, तुम्ही मिस्त्री व्हा. मिस्त्री, तुम्ही सिस्टर."

नर्सला राग आला होता, पण ती उठली. दोन्ही पायांवर उभी राहिली. थोडा वेळ जमिनीकडे बघून म्हणाली, "मी मिस्त्री. माझ्या घराची मागची भिंत वखारीची आहे. वखार उठली की मला तीनच भिंती राहतात." मग बाईंकडे वळली. "बस. मला एवढंच माहितीये. खिडकीतून यांचं घर दिसतं."

इतके दिवस मिस्त्री जे सांगण्यासाठी ओरडत होता, ते या पोरीनं जांभई देता देता सांगून टाकलं होतं.

त्याची पाळी आली. तो उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. "मला नाही येत," तो शेवटी म्हणाला. "मी तिकडून कधी ऐकलंच नाही."

"मग या एकदा ऐकायला," नर्स म्हणाली. "चहा देते. झोप तर तशीही नसते."

तो गेला. सुट्टी मागितली तेव्हा दात दुखतो असं मालकाला सांगितलं. नर्सची खोली लहान होती, नीटनेटकी. खिडकीला जुनी गादी उभी करून टेकवलेली होती. भिंतीवर खिळा असा नव्हताच; ठोकले ते सगळे हळूहळू बाहेर आले, ती म्हणाली. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक कड्या उठत होत्या. मिस्त्रीनं गादी थोडी सरकवून बाहेर पाहिलं. खाली त्याचं घर. मिस्त्रीण खिडकीत तांदूळ निवडत होती. वरून ती फार लहान दिसत होती.

तो खुर्चीवर बसला. करवतीवर आज दुसरा माणूस होता आणि ओंडका जरा घाईनं ढकलत होता, एवढं त्याला ऐकू आलं. बाकी आवाज त्याला अंगावरच्या उबदार पांघरुणासारखा वाटला. चहा यायच्या आत त्याची मान कलली.

"काका! झोपलात तुम्ही?" नर्स कप घेऊन समोर उभी होती. "मी इथे डोक्यावर उशी दाबून पडते, आणि तुम्हाला झोप लागते?"

मिस्त्री ओशाळला. काहीतरी बोलणार तोच खाली करवत थांबली. त्याच क्षणी त्याचे दोन्ही हात खांद्यांच्या वर गेले, बोटं पसरून. कपातला चहा हिंदकळला.

"हे काय?" तिनं विचारलं.

मग त्यानं तिला वस्तादाची गोष्ट सांगितली. ओरडून नाही, कारण खोली शांत होती आणि समोर एकच माणूस होतं. ती ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं आपले हात टेबलावर ठेवले.

"गेल्या महिन्यात मी एका पेशंटला दुसऱ्याचं इंजेक्शन देणार होते," ती म्हणाली. "सुई टेकवलीसुद्धा होती. शेजारच्या सिस्टरनं माझा हात धरला. कुणाला कळलं नाही. पण मला कळलंय ना. झोप नसली की माझे हात माझे राहत नाहीत, काका."

मिस्त्रीनं तिच्या हातांकडे पाहिलं. बारीक, स्वच्छ हात. दहा बोटं. खाली करवत पुन्हा सुरू झाली आणि पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मिस्त्रिणीला सगळं सांगितलं. ती तांदळातला खडा शोधत म्हणाली, "आता कुणाच्या बाजूनं बोलणार तुम्ही?"

"वखारीच्याच. घर जाईल नाहीतर."

"मग झालं," ती म्हणाली. पण खडा तिला सापडला नाही, आणि ती बराच वेळ शोधत राहिली.

सुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या बाकांवर वखारीतली माणसं ओळीनं बसली होती, केसांना तेल लावून. मालक त्यांच्या पुढे, मिस्त्रीण दाराशी. डावीकडे इमारतीतले लोक. बाईही आल्या होत्या, आणि एजंटही. सगळ्यांच्या समोर लांब टेबल आणि त्यामागे अध्यक्ष, टकलासकट.

नर्स आधी बोलली. बेताच्या आवाजात, एकेका वाक्याला एकेका माणसाकडे बघत. इंजेक्शनची गोष्ट तिनं सांगितली. इमारतीतल्या लोकांनाही ती नवीन होती. ती बसली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

मिस्त्री उभा राहिला. आणि त्याला कळलं की सभागृह पूर्ण शांत आहे. पंखासुद्धा बंद होता. एवढी शांतता त्यानं एकदाच पाहिली होती. त्याचे पाय गेले, श्वास गेला, बाईंचं शिकवणं गेलं, आणि करवतीपाशी घोटून घोटून बसवलेलं तेवढं उरलं. त्यानं गळ्याच्या शिरा ताणल्या.

"सन्माननीय अध्यक्ष! आमच्या करवतीचा आवाज एवढा काही मोठा नाही!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. टेबलामागच्या एका सदस्यानं कानावर हात ठेवला. मग सगळं सभागृह हसलं. इमारतीतले लोक हसले, समिती हसली, मागच्या बाकावरून आपलीच माणसंही हसली. "पुरावा आला!" असं कुणीतरी म्हणालं. मालकानं कपाळाला हात लावला.

हसण्याचा आवाज वाढत चालला होता आणि मिस्त्रीला त्यावरून ओरडता आलं असतं. आवाजावरून ओरडणं हेच तर त्याला येत होतं. पण त्याचा हात वर गेला आणि त्याची मूठ आवळली गेली. वखारीतली मूठ. ती त्यानं कुणाला दाखवली, हे त्याला पुढेही सांगता आलं नाही. बहुतेक स्वतःलाच.

हसणं थांबलं, पातं थांबावं तसं. आणि मागच्या बाकांवर वखारीतल्या सगळ्या माणसांचे दोन्ही हात सवयीनं खांद्यांच्या वर गेले, बोटं पसरून.

"मागच्यांनी हात खाली घ्या," अध्यक्ष म्हणाले. "मतदान नाहीये हे."

हात कुणी खाली घेतले नाहीत. मिस्त्रीनं अजून बघितलं नव्हतं ना. त्यानं बाकांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, सावकाश. मग नजर पुढच्या बाकांवर आणली. मालकाचे हात. बाईंचे हात. नर्सचे हात तिच्या मांडीवर होते. सगळी बोटं जागच्या जागी होती. शांतता होती आणि कुणाला काही झालं नव्हतं. ही गोष्ट इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं मान हलवली, हात खाली आले, आणि तो दोन्ही पायांवर उभा राहिला.

"करवतीचा आवाज मोठा आहे," तो अध्यक्षांना म्हणाला. साध्या आवाजात. "माझा आवाजही तिनंच असा केलाय. आत्ता तुम्ही ऐकलाच."

मग इमारतीतल्या एका म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "मी या सिस्टरांच्या खोलीत बसून आलो. पेल्यातलं पाणी हलतं. त्या खोटं बोलत नाहीत."

मागे मालकाची खुर्ची करकरली.

"सिस्टर सकाळी आठला निजतात आणि दोनला उठतात. तेवढा वेळ पातं थांबवता येईल. ओंडके उतरवणं, रचणं, फळ्या मोजणं, हे बिनआवाजाचं काम सकाळी होईल. चिरकाम दोननंतर." इथे तो थांबला. घशात सूर आला होता, तो त्यानं गिळला. "पण वखार हलवू नका. माझ्या घराची मागची भिंत वखारीची आहे. वखार उठली की मला तीनच भिंती राहतात. हे वाक्य माझं नाही, सिस्टरांचंच आहे. मला यापेक्षा चांगलं सुचलं नाही."

तो बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; तसली सभा नव्हती ती.

"दोनपर्यंत?" मालक उठून उभाच राहिला. "मिस्त्री, तुम्हाला आवाजासाठी पाठवलं होतं, माझी सकाळ वाटून टाकायला नाही!"

"मग संध्याकाळी आम्ही काय ऐकायचं?" इमारतीतलं कुणीतरी ओरडलं.

समितीनं आत जाऊन चहा घेतला आणि बाहेर येऊन निर्णय सांगितला. वखार आहे तिथेच राहील. पातं दुपारी दोनच्या आधी फिरणार नाही आणि दिवेलागणीनंतर चालणार नाही. मालक कुरकुरला, रहिवासीही कुरकुरले. दोन्हीकडची कुरकुर साधारण सारखी भरली, तेव्हा अध्यक्षांनी कागद मिटले.

दारापाशी मिस्त्रीनं बाईंना विचारलं, "कसं झालं?"

"गाडी चुकीच्या फलाटावर लागली होती," बाई म्हणाल्या. "पण प्रवासी चढले."

मालक पुढे महिनाभर मिस्त्रीशी बोलला नाही. त्यानं काही अडलं नाही. खुणांनी काम भागलं. उलट मिस्त्रिणीचं म्हणणं, वखारीत इतका शहाणा महिना कधी गेला नव्हता. मिस्त्री सकाळी ओंडके रचायचा. बिनआवाजाच्या त्या वेळात सुरुवातीला त्याची नजर सारखी हातांकडे जायची. मग दिवसातून चार-दोनदा जायला लागली. मग त्यानं एक दिवस वखारीत कुणाचं तरी गाणं ऐकलं, फळ्या रचणाऱ्याचं, बेसूर. तो माणूस कित्येक वर्षं तिथेच गात होता म्हणे.

त्यानंतर मिस्त्रीनं कधी भाषण केलं नाही, कुणी करायला सांगितलंही नाही. तो पुढेही काही वर्षं करवतीवर राहिला. मग नजर पात्याच्या दातांवर ठरेना झाली, तेव्हा त्यानं स्वतःच मालकाला जाऊन सांगितलं. घर नव्या मिस्त्रीला द्यायचं होतं. त्यांची लग्न झालेली मुलगी नदीपलीकडे राहत होती, तिथे जायचं ठरलं. शेवटी नदीपलीकडे जायचंच होतं, पण ते आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला, एवढा फरक त्याला पुरेसा वाटला.

शेवटच्या दिवशी दोन वाजायच्या जरा आधी मालक म्हणाला, "मिस्त्री, दोन शब्द बोला."

मिस्त्री फळ्यांच्या थप्पीवर चढला. दोन्ही पायांवर भार दिला, श्वास पोटात घेतला. पातं थांबलेलंच होतं. त्याला सांगावं लागलं नाही, माणसांनी आपणहून हात वर केले. त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"सगळी आहेत," तो म्हणाला. आणि थांबला. सूर आला नाही. खूप वेळ तो नुसता उभा होता, आणि वखार त्याच्याबरोबर उभी होती. मग तो खाली उतरला.

मिस्त्रीण फाटकाशी पिशव्या घेऊन वाट बघत होती. एक पिशवी त्यानं घेतली. दोघं रस्त्याला लागली तेव्हा मागे नव्या मिस्त्रीनं खटका ओढला आणि करवत सुरू झाली. मिस्त्री वळला नाही. पातं चालू असताना मागे बघायचं नाही, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं.

दुसऱ्या मजल्यावर नर्स नुकतीच उठली होती. खिडकीला आता गादी नव्हती. तिनं त्याला पाठमोरं जाताना पाहिलं. हाक मारून उपयोग नव्हता, करवत चालू होती. तिनं दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलले, बोटं पसरून. ते मिस्त्रिणीला दिसलं, कारण ती वळून घराकडे बघत होती. तिनं एक हात वर केला. दुसऱ्यात पिशवी होती. मग ती चार पावलं भरभर टाकून त्याच्या बरोबरीला आली. तो पाण्याच्या टाकीपाशी वळेपर्यंत नर्सनं हात खाली घेतले नाहीत.